खापरपणजीचं वय

डब्लिनमध्ये लिफी नदीच्या काठाने चालताना फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीचा घुमट लांबूनच दिसतो. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्ध पेटलेलं असताना, इथला दफ्तरखाना स्फोटात आणि आगीत खाक झाला. १८२१ ते १८५१ या चार जनगणना जवळपास सगळ्या गेल्या. पुढच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. म्हणून आयरिश माणूस घराणं शोधायला बसला की सुरुवात होते ती १९०१ आणि १९११च्या जनगणनेपासून.

मी माझ्या आयरिश मैत्रिणीसोबत तिचं घराणं शोधायला गेले होते. तिची खापरपणजी वेस्ट कॉर्कची, स्किबरीनजवळची. १९०१च्या कागदावर तिचं वय ५५, आणि १९११च्या कागदावर एकदम ७१! यामागे कारण होतं. जानेवारी १९०९पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली. पण सर्वांच्या जन्माची सरकारी नोंद सुरू झाली ती १८६४ साली, मग म्हाताऱ्यांनी पुरावा आणायचा कुठून? आपल्याकडे ‘प्लेगच्या साली जन्मलो’ म्हणत, तसं तिथे ६ जानेवारी १८३९च्या रात्रीचं महावादळ आठवतंय का, असं विचारत.

दुसरा मार्ग जुनी जनगणना तपासून घेण्याचा. अर्जदार आईबापांची नावं आणि टाउनलँड, म्हणजे वाडीएवढा जमिनीचा तुकडा, लिहून देई. कारकून १८४१ किंवा १८५१च्या वह्या उघडून सापडलेलं उतरवून काढी. मूळ वह्या जळाल्या, पण हे अर्ज बरेचसे वाचले. बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात खापरपणजीचा अर्ज मिळाला. १८५१ साली वय सहा. म्हणजे जन्म १८४५चा, बटाट्यावर करपा पडून आयर्लंडचा महादुष्काळ सुरू झाला त्याच वर्षीचा.

तिने वय वाढवून सांगितलं होतं, आणि मला त्यात काहीच गैर वाटत नाही. ती कशातून वाचली होती, ते किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं वाचताना कळत गेलं. मायक्रोफिल्मवर १८४६-४७च्या हिवाळ्यातला ‘कॉर्क एक्झामिनर’ वाचणं सोपं नाही. अक्षर बारीक, आणि मजकूर असा की मध्येच उठून बाहेर जावंसं वाटतं. ऑक्टोबर १८४६मध्ये डेनिस मॅकेनेडी नावाचा मजूर सरकारी रस्त्याच्या कामावर मेला, दोन आठवड्यांची मजुरी थकलेली असताना. पंचांनी निकाल दिला: मृत्यू उपासमारीने, आणि दोष बांधकाम खात्याच्या हलगर्जीपणाचा. डिसेंबरमध्ये कॉर्कचे मॅजिस्ट्रेट निकोलस कमिन्स यांनी स्किबरीन भागातल्या झोपड्यांमध्ये जे पाहिलं ते ब्रिटिश सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनला पत्राने कळवलं. ‘द टाइम्स’ने ते छापलं.

स्किबरीनला आता रेल्वे नाही, कॉर्कहून बसने जावं लागतं. गावाबाहेर ॲबीस्ट्राउरीच्या दफनभूमीत दुष्काळात मेलेली आठ ते दहा हजार माणसं एकत्र पुरलेली आहेत. त्यांची नावं कुठेच नाहीत. त्या हिरवळीपाशी उभं राहिल्यावर एका सहा वर्षांच्या मुलीचं नाव वहीत असणं किती मोठं आहे, ते जाणवलं.

कॅथलिक चर्चच्या जुन्या बाप्तिस्मा नोंदी राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५पासून ऑनलाइन मोफत ठेवल्या आहेत. त्यांत आईबापांबरोबर धर्ममातापित्यांचीही, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणाऱ्यांचीही, नावं असतात, आणि ती बहुधा नात्यातली किंवा शेजारची. मैत्रिणीने आता खापरपणजीच्या धर्ममातेच्या आडनावाचा माग धरलाय; ते पलीकडच्या टाउनलँडमध्ये निघतं आहे.