रात्री पास, दुपारी नापास

अमळनेर, मे महिना, रात्रीचे साडेअकरा

आज दुपारभर कॉम्प्युटर एकदाही अडकला नाही. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की लग्नांचे व्हिडिओ साचतात. भाऊ शूटिंग करतो, एडिटिंग माझ्याकडे. आणि नेमकं याच दिवसांत मशीन दगा देत होतं.

8 जीबी रॅम फोर-के फुटेजला पुरेना, म्हणून भावाने जळगावहून आणखी 16 जीबीची आणून बसवली. पहिली संध्याकाळ मजेत गेली. मग रोज दुपारी तेच: टाइमलाइन पुढे-मागे करताना चित्र जागच्या जागी थिजायचं. निळा स्क्रीन नाही, एरर नाही. माउसचा बाण हलत नाही आणि स्पीकरमधून सनईचा एकच तुकडा घरघरत राहतो. अशा वेळी मी कॅप्स लॉक दाबून बघते. दिवा लागला-विझला तर विंडोज अजून जिवंत आहे, एखादा प्रोग्रामच अडकलाय. इथे दिवा ढिम्म. पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दर वेळी कर्नेल-पॉवर 41. ती नोंद घाबरवते, पण सांगते एवढंच की मशीन नीट बंद झालं नव्हतं. का, ते तिला ठाऊक नसतं. शेजारचे काका म्हणाले, व्होल्टेज. यूपीएसवरचा आकडा तर ठीक होता. प्रोसेसरचं तापमानही सत्तरीच्या आतच. भावाचं म्हणणं, नवी रॅमच खराब, परत करू. दुकानदार बदलून द्यायला तयारही होता. त्यात नवरीच्या वडिलांचा फोन, "काय व्हयनं ताई, आमना व्हिडिओ?"

पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट86+ लावलं आणि झोपले. ते विंडोजशिवाय चालतं, रॅमच्या कप्प्याकप्प्यात लिहून परत वाचून बघतं. सकाळी निकाल स्वच्छ. पण अडकतं दुपारी, मग परीक्षा रात्री घेऊन काय उपयोग? आमची वरची खोली पत्र्याची. बाहेर 44 अंश असलं की आत कूलरसुद्धा गरम वारा फेकतो. भर दुपारी तीच टेस्ट पुन्हा लावली आणि थोड्याच वेळात चुकांच्या लाल ओळी उमटायला लागल्या.

मग एकेक रॅम वेगळी तपासली, उन्हाची वेळ तीच. जुनी एकटी: पास. नवी एकटी: पास. दोघी मिळून: पुन्हा लाल. म्हणजे खराब कुणीच नव्हती! लेबलं वाचली तेव्हा उलगडा झाला. जुनी 2666 वेगाची, नवी 3200ची. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी (रॅमला नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवणारी सोय) चालू, म्हणून नवीच्या जोडीला जुनीलाही 3200 ने पळावं लागत होतं, तेही डीडीआर4च्या नेहमीच्या 1.2 ऐवजी 1.35 व्होल्टवर. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे चिमुकल्या कपॅसिटरमध्ये साठवलेला विजेचा चार्ज. तो सतत गळत असतो, म्हणून साधारण दर 64 मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, आणि उष्णता वाढली की गळतीही वाढते. वेग आधीच ताणलेला, त्यात ही काहिली. रात्री जुनी रॅम कशीबशी निभावून न्यायची, दुपारी नाही.

एक्सएमपी बंद केलं. आता दोन्ही 2666 वर चालतात. दुपारची टेस्ट स्वच्छ आली. थोडा वेग गेला त्याचं मला काहीच वाटत नाही. फुटेजला जागा हवी होती, ती मिळाली. चांगली रॅम परत गेली असती आणि बदलून आलेलीही त्याच पत्र्याखाली अशीच अडकली असती, याचं मात्र राहून राहून वाटतं. भावाला सांगितलंय, दुकानदारालाही फोन करून कळव. मे महिन्यात त्याच्याकडे "नवी रॅम खराब निघाली" म्हणत येणारे आणखी असतील.

हळदीचा भाग एक्सपोर्ट झालाय. वरातीचं कलर करेक्शन उद्या, दुपारीच बसेन.