टाळकऱ्यांच्या रांगेत

दिंडीत टाळकऱ्यांची रांग मोकळी ठेवत नाहीत. माझा मित्र माघात गेला आणि ज्येष्ठात माउलींची पालखी पुण्याहून निघाली, तेव्हा त्याच्या जागेवर एक कोवळा पोरगा उभा होता. विणेकऱ्यांनीच त्याला पुढं सरकवलेलं. सासवडचा टप्पा सगळ्यात लांबचा, त्यात दिवे घाट. सबंध चढणीत मी त्या पोराशी एक शब्द बोललो नाही. त्याचा टाळ कुठं चुकत नव्हता, याचाच जास्त राग येत होता.

घाट ही मित्राची खास जागा. "दम लागला तर अभंग सोड, पाय सोडू नको," म्हणायचा, आणि स्वतः दोन्ही सोडायचा नाही. पावली त्यानंच शिकवली मला, तीही शिव्या देत.

मुक्कामाच्या तळावर समाज आरती होते. सगळ्या दिंड्या गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदारांनी चोप उंचावून 'होऽ' केलं की सगळं एकदम चिडीचूप. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ वाजत राहतात, मग चोपदार तिचं ऐकून घेतात. नंतर हरवल्या-सापडल्याची यादी. आमचा मित्र या यादीचा कायमचा गिऱ्हाईक: टॉर्च, पंचा, एकदा तर चालू वाटेत एकच चप्पल. लोणंदला 'चष्मा सापडलाय' ऐकलं आणि मी हसत कोपर मारायला वळलो. शेजारी पोरगा. तो बिचारा घाबरून बाजूला सरकला.

लोणंदहून तरडगावला जाताना चांदोबाचा लिंब लागतो. तिथं पहिलं उभं रिंगण. दोन्ही बाजूंना दिंड्या, मधून स्वाराचा अश्व आणि माउलींचा मोकळा अश्व दौडतात. टापांखालची माती मित्र दरसाल घरी न्यायचा. यंदा वहिनींनी फोन करून विचारलं होतं, "भावोजी, माती आणाल ना?" अश्व गेले तशी माणसं मातीवर तुटून पडली. माझे गुडघे वाकेनात. पोरानं खाली बसून मूठ भरली, माझ्या रुमालात ओतली.

"कुणासाठी, माउली?"

"तू ज्याच्या जागेवर उभा आहेस ना, त्याच्या घरी."

पोरगा ओशाळला. मग मीच त्याला मित्राची सगळी फजिती सांगायला घेतली. चपलेची गोष्ट संपेपर्यंत तरडगाव आलं. मृदंगवाल्याशी त्याचं झालेलं भांडण फलटणच्या वाटेला सांगायचं ठरलं.