जुन्या काळातलं प्रेम पडद्यावर का पटत नाही?

जुन्या काळातला एखादा प्रेमपट येऊन गेला की हमखास विचारलं जातं: वाडे देखणे, पोशाख देखणे, जोडीही शोभते, तरी त्यांचं प्रेम काही पटलं नाही, असं का? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दोष नटांना दिला जातो, पण बऱ्याचदा तो पटकथेचा असतो. दोघांच्या आड नेमकं काय येतंय, हे तिथे नीट रचलेलंच नसतं. एक तापट बाप, एक कपटी प्रतिस्पर्धी उभा केला की लेखकाला काम झालं असं वाटतं. नायिका मात्र आजच्या मुलीसारखी बेधडक बोलते, एकटी हिंडते, भर समारंभात त्याचा हात धरते. मग तिला अडवतंय कोण? काळाचे नियम पात्रांच्या अंगात मुरलेले हवेत. ते मोडताना तिला स्वतःलाच धडकी भरली पाहिजे, तरच आपला जीव टांगणीला लागतो.

पत्राचंच बघा. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागलं. त्याआधी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावे लागत, आणि ते अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरत. म्हणून लोक एकच कागद वापरायचे. तो भरला की आडवा फिरवून आधीच्या ओळींवरूनच पुढचा मजकूर लिहायचे. त्यात प्रतिष्ठित घरांत लग्न न ठरलेल्या मुलीने परपुरुषाशी पत्रव्यवहार करणं म्हणजे लग्न ठरल्यातच जमा. अशा काळात तिने त्याचं पत्र नुसतं ठेवून घेतलं, तरी ती कबुली झाली. दाटीवाटीने लिहिलेला तो कागद ती कुठे लपवते, खिडकीशी तिरका धरून कसा वाचते, यावर अख्खा प्रसंग उभा राहू शकतो. सिनेमात मात्र पत्रं मोबाइलवरच्या मेसेजसारखी येतात-जातात आणि मागे नायकाचा आवाज ऐकू येतो. हाताशी आलेलं सोनं असं वाया घालवलेलं बघून खरंच हळहळ वाटते.

याउलट मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द एज ऑफ इनोसन्स’ (१९९३) घ्या. काळ १८७०च्या दशकातला, शहर न्यूयॉर्क. बंद घोडागाडीत नायक नायिकेच्या हातमोज्याची बटणं सोडतो आणि मनगटावर ओठ टेकवतो. एवढंच, पण श्वास अडकतो. कारण तोवर सिनेमाने जेवणावळी, भेटीगाठी, कोणी कोणाशेजारी बसायचं हे सगळं इतकं बारकाईने दाखवलेलं असतं की त्या उघड्या मनगटाची किंमत आपल्याला कळलेली असते.

दुसरी कमतरता सहवासाची. एक नजरानजर, एक गाणं, त्यात बागेतले चार तुकडे, आणि लगेच दोघं एकमेकांसाठी मरायला तयार! कबुलीच्या आधी निदान एका प्रसंगात गैरसमज व्हायला हवा आणि एकात कोणीतरी दुसऱ्यामुळे वेगळं वागायला हवं. वाँग कार-वाईच्या ‘इन द मूड फॉर लव्ह’मध्ये (२०००) १९६२च्या हाँगकाँगमधले दोन शेजारी त्याच अरुंद जिन्यावर पुन्हापुन्हा एकमेकांना ओलांडतात. तिच्या हातात नूडल्सचा डबा. अंगावरचा चाँगसाम, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा चिनी पोशाख, बदलला की कळतं, आणखी एक दिवस गेला. सवय लागत जाते, ती अशी.

अभिनयाबाबत एकच सांगते. घट्ट कॉर्सेटमध्ये, म्हणजे कंबर-छाती आवळून बांधणाऱ्या जुन्या पाश्चात्त्य अंतर्वस्त्रात, पोक काढून बसता येत नाही आणि श्वास छातीच्या वरच्या भागातच राहतो. तो पोशाख नटीच्या अंगावर थेट चित्रीकरणाच्या दिवशी चढला, तर तिचं लक्ष समोरच्या माणसाकडे न राहता बरगड्यांकडेच जातं. तालमींपासून कॉर्सेट आणि बूट घालायला दिले, तर तोच अवघडलेपणा भूमिकेचा भाग होतो.

पुढच्या वेळी शंका आली तर कबुलीच्या आधीचे दोघांचे प्रसंग आवाज बंद करून पाहा. कोण कोणाकडे कधी बघतं, कोण नजर चुकवतं, दोघांमधलं अंतर कधी कमी होतं, हे संवादांशिवाय आणि व्हायोलिनशिवाय कळलं, तर पाया पक्का आहे. मग स्वतःला विचारा: त्याला तिच्याबद्दल असं काय ठाऊक आहे, जे तिच्या घरात कोणालाच ठाऊक नाही? ‘ती सुंदर आहे’ याखेरीज उत्तर सुचलं नाही, तर ते प्रेम तुम्हाला का पटलं नाही ते तिथेच सापडेल.