साडेपाचनंतरचा रकाना

रात्रीचे सव्वाबारा. बोटांच्या टोकांना अजून मुंग्या येतायत, त्यामुळे अक्षर वाकडंतिकडं येणार. तरी आत्ताच लिहिते. उद्या सकाळपर्यंत वेळा आणि पाण्याच्या खोलीचे आकडे डोक्यात एकमेकांत मिसळून जातात.

गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मी गळाने ट्राउट मासे धरते. गेले चार हिवाळे अशा प्रत्येक खेपेची नोंद वहीत आहे: बर्फाची जाडी, भोकाखालचं पाणी किती खोल, आमिष कोणतं, माशाची ओढ दोरीला कधी लागली. मागच्या आठवड्यात ती सगळी सलग वाचून काढली. संध्याकाळी साडेपाचनंतरची एकही ओढ नाही. अंधार पडला की बर्फाखालचे ट्राउट खायचे थांबतात, असं मी इतकी वर्षं याच जोरावर मानत आले, लोकांना सांगतही आले. मग शेजारच्या रकान्याकडे लक्ष गेलं. निघाल्याची वेळ. पाच, सव्वापाच, पाच वीस. अंधार पडल्यावर मी तिथे नव्हतेच, तर ओढ नोंदवणार कोण?

वाईट वाटलं, कारण उन्हाळ्यातल्या रात्री मला चांगल्या माहीत आहेत. मोठे ब्राउन ट्राउट दिवसा बुडालेल्या ओंडक्याखाली दडून असतात आणि काळोख झाला की घोटाभर पाण्यात शिकारीला येतात, हे मी स्वतः पाहिलंय. तेव्हा मी गळाला मोठी काळी बनावट माशी लावते, कारण खालून बघणाऱ्या माशाला फिकट आकाशावर काळा आकार सगळ्यात ठळक दिसतो. मग हिवाळ्यातच हा मासा बदलेल असं का वाटलं? थंडी मला वाजत होती, आणि मी ती माशाच्या खात्यावर मांडली.

म्हणून आज दादाला म्हटलं, सूर्य मावळल्यावर बसायला सुरुवात करू. काही पाण्यांवर रात्री ट्राउट धरायला बंदी असते. या तळ्यावर नाही, तरी नियमांचं पत्रक पुन्हा एकदा वाचून घेतलं.

जायचं मात्र उजेडातच. चार वाजता पोहोचलो आणि पहार मारत मारत पुढे सरकलो. बर्फ 22 सेंटीमीटर, काळा आणि पारदर्शक. एकट्या चालणाऱ्या माणसाला असा स्वच्छ बर्फ 10 सेंटीमीटर तरी लागतो. पांढरा, भिजलेल्या हिमाचा गोठलेला थर साधारण निम्म्याच ताकदीचा, त्यामुळे तिथे हिशेब दुप्पट. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे तर चार पावलांत जाडी बदलते. दिवसा हा फरक रंगावरून कळतो, रात्री नाही. म्हणून परतीच्या वाटेवर काटक्या रोवल्या. गळ्यात दोरीला दोन टोचे होतेच. पाण्यात पडलंच तर गुळगुळीत कडेवर हात टिकत नाही, टोचे रुतवूनच वर येता येतं. या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही, दादाचंही नाही.

गिरमिटाने आठ भोकं पाडली. दोन उथळ पट्ट्यावर, जेमतेम 2 मीटर पाण्यात. उरलेली उतारावर आणि 7 मीटरवर. गिरमिटाचा खरखराट खालीपर्यंत पोहोचतो, म्हणून तासभर सगळं तसंच सोडून दिलं. वर आलेली बर्फाची साय नंतर झाऱ्याने काढली.

दादाने खोल भोकात हिरवा दिवा सोडला. ही त्याची जुनी पद्धत. रात्री सूक्ष्म प्राणी तळाकडून वर येतात, उजेडाभोवती गोळा होतात, त्यांच्यामागे बारीक मासे आणि त्यांच्यामागे ट्राउट. मला ते नको होतं. मी पन्नासेक पावलं दूर, उथळ भोकाशी, दिवा बंद करून बसले. ट्राउटला पापण्या नसतात. संधिप्रकाशात त्याच्या डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी मागे सरतात आणि अंधुक उजेडाच्या पेशी पुढे येतात. हे हळूहळू होतं. डोळा असा अंधाराला लागलेला असताना वरून हेडलॅम्पचा झोत आला तर तो मिटणार कसा? दादाचा दिवा निदान स्थिर असतो. हेडलॅम्प मान वळेल तसा फिरतो.

पहिला तास फक्त आवाज ऐकण्यात गेला. पारा उणे 11 वर उतरला तसा बर्फ आकसत होता, तडकत होता. लांबचा तडा कानावर येतो तो विचित्रच. आधी बारीक, धारदार सूर, मग त्याच्यामागून जाड, घुमणारा. उंच सूर बर्फातून जास्त वेगाने धावतो म्हणून तसं होतं. पहिल्यांदा ऐकणारा माणूस काठाकडे पळतो. पण बर्फ कच्चा झाल्याची ती खूण नसते. मला तो आवाज फार आवडतो. तळं केवढं आहे ते रात्री फक्त त्यावरूनच जाणवतं.

काठीचं टोक दिसत नव्हतं. म्हणून उजव्या हाताचा मोजा काढून दोरी तर्जनीवर घेतली. कड्यांत बर्फ साचला की काठी पाण्यात बुडवायची आणि झटकायची. अंधारात चमकणारा जिग, म्हणजे वजन जडवलेला आमिषाचा गळ, कोटाच्या आत धरून दिव्याने चेतवला, तळाशी टेकवला, वीतभर उचलला, दोनदा थरथरवला आणि सोडून दिला. इतक्या अंधारात आधी माशाच्या अंगावरच्या पार्श्वरेखेला पाण्याचा धक्का कळतो. जिगची हालचाल त्याला बोलावण्यापुरती. धरतो तो जिग स्थिर झाल्यावर.

7:40. हिसका नाही, दोरी नुसती जड झाली, ओलं पान अडकावं तशी. काठी उचलली आणि खाली काहीतरी जिवंत वळलं.

ब्राउन, 46 सेंटीमीटर. भोकातल्या पाण्यातच ठेवून गळ काढला. असल्या थंडीत कल्ले हवेत गोठायला वेळ लागत नाही, आणि सोडायचाच मासा फोटोसाठी बाहेर काढणं मला पटत नाही. हाताच्या ओंजळीतून तो सरळ खाली गेला.

8:15 ला दुसरा. याच्या कल्ल्यात गळ रुतला होता, रक्त थांबेना. तो जगला नसता, म्हणून ठेवला. नंतर पोट उघडून पाहिलं आणि तिथेच बसून राहिले. पोट बारीक अँफिपॉडांनी भरलेलं, कोळंबीच्या लांबच्या नात्यातले हे जीव, बरेचसे अजून आख्खे. हे उथळ पाण्यातल्या शेवाळात असतात. म्हणजे हा मासा माझ्या भोकाखाली नुसता वाट चुकून आला नव्हता, तिथे जेवत होता.

हे मला मोठं वाटतं, कारण पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं. हिवाळ्यात तुलनेने उबदार पाणी तळाशी, आणि बर्फाला चिकटलेलं शून्याजवळ. त्या उथळ पट्ट्यावर यायचं म्हणजे माशाला अधिक गार पाण्यात शिरावं लागतं. तरीही तो येतो. अंधारात तिथे मिळणारं खाणं त्याला तेवढं मोलाचं असतं. मी मात्र चार हिवाळे दिवसाढवळ्या 7 मीटरवर गळ सोडून बसले, आणि त्या पट्ट्यावरून फक्त चालत गेले.

दादाला दिव्यापाशी दोन रेनबो ट्राउट मिळाले, दोन्ही अर्ध्या खोलीवर. तो म्हणाला, "तुझ्याकडे येऊन बसू का?" मी म्हटलं, "ये, पण पाय आपटू नकोस." दहा मिनिटं आम्ही एकाच भोकाशी गप्प बसलो होतो. बऱ्याच दिवसांनी.

8:50 ला तिसरी ओढ, हुकली. त्यानंतर अकरापर्यंत काहीच नाही. मासे खरंच थांबले की माझं बोट बधिर झालं होतं? नऊनंतर दोरीवर दव गोठून ती जाड झाली होती, आणि हलकी ओढ मला कळली असती याची खात्री देता येत नाही. म्हणून नऊ ते अकरा या वेळेसमोर शून्य लिहिलेलं नाही. रकाना कोरा ठेवलाय.

निघाल्याची वेळ 11:10.