१ जून १५०६

सोमवार

आज पुन्हा ‘लाउरा’पाशी अडकले. व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस संग्रहालयातलं हे चित्र हातभरसुद्धा उंच नाही. काळोखी पार्श्वभूमी, त्यावर एक तरुण बाई, अंगात लाल झगा, झग्याला आतून फर. एका हातानं तिनं तो जरासा बाजूला केलाय, एक स्तन उघडा आहे. डोक्यामागे लॉरेलच्या फांद्या. त्या पानांमुळेच तिला लाउरा म्हणतात. ती आपल्याकडे बघत नाही. कितीही वेळ बघत राहावं असं चित्र आहे, पण माझा जीव अडकलाय तो त्याच्या पाठीमागे.

मागच्या बाजूला जुन्या अक्षरात लिहिलंय, की १ जून १५०६ रोजी हे कास्तेलफ्रांकोच्या मास्टर झोर्झीनं, म्हणजे मास्टर विन्चेन्झो कातेनाच्या सहकाऱ्यानं, मिसेर जाकोमो यांच्या सांगण्यावरून केलं. झोर्झी म्हणजे जोर्जोने, व्हेनिसचा चित्रकार. अक्षर खुद्द त्याचं मानत नाहीत, पण काळ तोच मानतात. त्याच्या नावावरच्या सगळ्या चित्रांत पूर्ण वाचता येईल अशी त्या काळातली तारीख ही एवढीच. सॅन डिएगोला एका पुरुषाचं व्यक्तिचित्र आहे, त्याच्याही पाठीवर त्याचं नाव आहे, पण सालाचा शेवटचा आकडा झिजलाय. कुणी ६ वाचतं, कुणी ८, कुणी १०.

त्यानं स्वतः चित्रांवर सही केली नाही. १५१० मध्ये व्हेनिसमधल्या प्लेगात तो गेला. चित्रं किती आणि कुठली हा वाद तेव्हापासून आजपर्यंत चालू आहे, आणि त्या वादातला प्रत्येक जण फिरून फिरून या एका ओळीपाशी येतो. ‘लाउरा’च्या आधीचं की नंतरचं? तिच्याइतकं मऊ की तिच्याहून कडक? कालक्रम लावायचा म्हणजे प्रत्यक्षात हेच करायचं असतं. एक खुंटी पक्की ठोकायची आणि बाकीची चित्रं तिच्या अलीकडे-पलीकडे टांगत जायचं. आणि गंमत नाही, खरंच सांगते, हे ‘लाउरा’ चित्र एके काळी रोमानिनो या दुसऱ्याच चित्रकाराच्या नावावर होतं. १९०८ मध्ये लुडविग युस्टी या कला-इतिहासकारानं ते जोर्जोनेचं म्हणून मांडलं. खुंटीच मुळात दुसऱ्याच्या भिंतीत होती!

बुधवार, उशिरा

कागद नाहीत असंही नाही. १५०७-०८ मध्ये डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, महालातल्या एका दालनासाठी कॅनव्हास करायचे पैसे त्याला दिल्याची नोंद आहे. ते चित्र आज नाही. रिआल्तोच्या पुलाशेजारी जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती, फोन्दाको देइ तेदेस्की. ती १५०५ च्या जानेवारीत जळाली, सरकारनं नव्यानं बांधली आणि तिच्या कालव्याकडच्या भिंतीवर जोर्जोनेनं भित्तिचित्रं काढली. मोबदल्यावरून तंटा झाला. कार्पाच्चो आणि आणखी दोन चित्रकारांना बसवून मोल ठरवलं. त्यांनी १५० दुकात (सोन्याची नाणी) म्हटलं, अखेर १३० वर मिटवलं. डिसेंबर १५०८. महिना ठाऊक, रक्कम ठाऊक, पंच ठाऊक. आणि चित्रं? खाऱ्या हवेनं खाऊन टाकली. भिंतीवरून उतरवून घेतलेली एक नग्न स्त्री तेवढी उरली आहे, तीही तांबूस डागासारखी. जिथे कागद आहे तिथे चित्र नाही आणि जिथे चित्र आहे तिथे कागद नाही. वाचताना गळ्याशी येतं हे.

तारखांचंही एक. व्हेनिसचं वर्ष तेव्हा १ मार्चला सुरू व्हायचं. म्हणजे वखार जळाली तो आपला जानेवारी १५०५, तिथल्या हिशेबानं अजून १५०४ च होतं. ‘लाउरा’ची तारीख जूनमधली असल्यामुळे या फेऱ्यातून सुटली. मोडी कागद वाचताना मला हीच काळजी घ्यावी लागते. पत्रावर सुहूर सन असेल तर वर्ष मृगापासून धरायचं, शक असेल तर चैत्रापासून. वैशाखातल्या पत्राला हे विसरलं की अख्खी मोहीम वर्षभर मागेपुढे सरकते. त्यामुळे कुणी नुसतं ‘१५०५ चं चित्र’ असं ठासून लिहिलं, की माझा पहिला प्रश्न असतो, कुणाच्या हिशेबानं, आणि कशावरून?

शनिवार

आजचा दिवस मिकिएलचा.

मार्कान्तोनियो मिकिएल हा व्हेनिसचा एक सरदार. १५२० ते १५४३ च्या दरम्यान लोकांच्या घरी जाऊन तिथली चित्रं बघायची आणि वहीत टिपून ठेवायची ही त्याची आवड. ही टिपणं छापली गेली ती थेट १८०० मध्ये. पण तो ती लिहीत होता तेव्हा जोर्जोनेला जाऊन पंधरा-वीस वर्षंच झाली होती. त्याला पाहिलेली माणसं हयात होती, चित्रं ज्यांनी करवून घेतली त्यांच्याच भिंतींवर होती. या विषयात मला सगळ्यात जवळचा वाटणारा माणूस हाच. चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वझारीनं १५५० मध्ये जोर्जोनेचं चरित्र लिहिलं, ते गोड आहे, वाचनीय आहे. पण सान रोक्कोच्या चर्चमधला क्रूस वाहणारा ख्रिस्त त्यानं आधी जोर्जोनेला दिला आणि १५६८ च्या आवृत्तीत टिशियन या व्हेनिसच्याच दुसऱ्या चित्रकाराच्या चरित्रातही घातला. मिकिएल असं करत नाही. तो मोजकं लिहितो.

१५३० मध्ये तो गाब्रिएले वेन्द्रामिनच्या घरी गेला. तिथे त्यानं लिहून ठेवलं: कॅनव्हासवरचं एक छोटं निसर्गचित्र, वादळाचं, त्यात एक जिप्सी बाई आणि एक शिपाई. हेच आजचं व्हेनिसच्या अकादेमियातलं ‘वादळ’. अर्थावर आजवर किती ग्रंथ झाले, ती हव्वा आहे की आणखी कुणी, तो आदाम आहे की मेंढपाळ. मिकिएलला त्याची फिकीर नव्हती. त्याला दिसलं ते त्यानं लिहिलं, आणि त्या अर्ध्या ओळीमुळेच आज हे चित्र निर्विवादपणे जोर्जोनेचं आहे.

मी आज ते स्क्रीनवर मोठं करून कितीतरी वेळ बघत होते. उजवीकडे बाई बाळाला पाजतेय, खांद्यावर पांढरं कापड, आणि ती सरळ आपल्याकडे बघतेय. तिच्या पुढ्यात एक किरटं झुडूप आहे. त्याची पानं तिच्या मांडीवरून, पोटरीवरून गेलीत, अंगाचा उजेड पानांच्या फटींतून येतो. मधे ओढा, पडके खांब, लाकडी पूल, मागे गाव आणि वर वीज. वीज पिवळट आहे, सापासारखी, आणि गावाच्या भिंती तिच्या उजेडात एकदम पांढऱ्या पडल्यात. डावीकडे लाल अंगरख्यातला तो तरुण काठी घेऊन उभा आहे.

१९३९ मध्ये या चित्राचा एक्स-रे काढला. त्या तरुणाच्या खाली दुसरीच एक बाई निघाली, नागवी, ओढ्यात पाय सोडून बसलेली. म्हणजे तिला पुसून त्याला आणलं. आता यातून काय कळतं? तारीख नाही कळत. अर्थही नाही कळत. पण हे दुसऱ्या कुणाच्या चित्राची नक्कल करणाऱ्याचं काम नव्हे, हे कळतं. नक्कल करणारा समोरचं उतरवतो, असा अर्ध्यावर मन बदलत नाही. एक्स-रेकडून एवढंच मागावं आणि एवढं मिळालं तर समाधान मानावं असं माझं मत आहे.

मिकिएलवर माझा खरा जीव बसला तो पुढच्या दोन नोंदींमुळे. ताद्देओ कोन्तारिनीच्या घरातले ‘तीन तत्त्वज्ञ’, १५२५: जोर्जोनेनं सुरू केलेलं, सेबास्तियानो या दुसऱ्या चित्रकारानं पुरं केलेलं. जेरोलामो मार्चेल्लोच्या घरातली झोपलेली व्हीनस: जोर्जोनेची, पण निसर्ग आणि क्युपिड, म्हणजे छोटा मदन, टिशियननं पुरे केले. एका चित्रात दोन हात, आणि तो ते सरळ लिहून टाकतो. मालकाच्या घरात उभं राहून!

या व्हीनसची पुढची कथा विलक्षण आहे. ती ड्रेस्डेनला पोचली आणि तिथे टिशियनच्या चित्राची सास्सोफेर्रातो या नंतरच्या चित्रकारानं केलेली नक्कल म्हणून यादीत पडून राहिली. १८८० मध्ये जोव्हान्नी मोरेल्लीनं ती ओळखली. मोरेल्ली शिकला होता वैद्यक, आणि कान, नखं, बोटं यांवरून चित्रकाराचा हात ओळखायची रीत त्यानं घालून दिली. तोंड, हात जोडणं, नजर या गोष्टी चित्रकार विचार करून काढतो, कानाची पाळी मात्र सवयीनं निघते, म्हणून तिथे तो सापडतो. पण मिकिएलनं सांगितलेला क्युपिड ड्रेस्डेनच्या चित्रात कुठे होता? तिच्या पायाशी होता. १८४३ च्या डागडुजीत त्याच्यावर रंग फासला होता. नंतर एक्स-रेत तो दिसला. जुनी नोंद आणि रंगाखालचं चित्र एकमेकांना असं येऊन मिळतं तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. ओळखणाऱ्याची नजर मोठी खरीच, पण तिच्यामागे कागद उभा राहिला की मगच मी निर्धास्त होते.

रविवार

आज राग आला, तोही लिहून ठेवते.

वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत मेंढपाळांनी बाळ येशूला वंदन करण्याचं एक चित्र आहे, आधीच्या मालकाच्या नावानं ‘अ‍ॅलन्डेल नेटिव्हिटी’ म्हणतात ते. १९३७ मध्ये ते ड्युवीन या बड्या विक्रेत्याकडे होतं. चित्र कुणाचं याबद्दल कलातज्ज्ञ बर्नार्ड बेरेन्सन त्याच्यासाठी मतं द्यायचा. ड्युवीनला जोर्जोने हवा होता, बेरेन्सन म्हणाला टिशियन. त्यावरून दोघांची कित्येक वर्षांची भागीदारी तुटली. चित्र सॅम्युएल क्रेस या संग्राहकाला जोर्जोने म्हणूनच विकलं गेलं. आज संग्रहालयही जोर्जोनेच म्हणतं, आणि मलाही ते पटतं. म्हणजे विक्रेता बरोबर ठरला. तरीही राग जात नाही, कारण तो चित्राकडे बघून बरोबर ठरला नव्हता. टिशियनची चित्रं पुष्कळ, जोर्जोनेची विरळा, म्हणून जोर्जोनेला भाव. विरळा माणसाच्या नावावर एकेक चित्र वाढत जातं ते असं. एकोणिसाव्या शतकात क्रो आणि काव्हाल्काझेल्ले या कला-इतिहासकारांच्या जोडीनं ही यादी कठोरपणे छाटली. मला छाटणारे आवडतात.

मांतुआच्या राज्यकर्त्याची बायको इझाबेला देस्ते हिला हे दुर्मीळपण तेव्हाच कळलं होतं. २५ ऑक्टोबर १५१० ला मांतुआहून ती आपल्या व्हेनिसच्या माणसाला लिहिते, की जोर्जोनेचं एक रात्रीचं चित्र मागे राहिलंय असं ऐकते, ते मिळव. नोव्हेंबरात उत्तर आलं: तो प्लेगनं गेला, अशी दोन चित्रं आहेत, पण दोन्ही मालक कुठल्याही किमतीला द्यायला तयार नाहीत.

सिडनी विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या दान्तेच्या १४९७ च्या प्रतीत एक हस्तलिखित नोंद सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. कास्तेलफ्रांकोचा जोर्जोने, थोर चित्रकार, व्हेनिसमध्ये १७ सप्टेंबर १५१० ला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी प्लेगनं वारला. इझाबेलाच्या पत्राशी हे अगदी जुळतं. वझारीच्या हिशेबानं तो १४७७-७८ च्या सुमाराचा, या नोंदीनं तो १४७३-७४ ला जातो. चार वर्षं फार नाहीत, पण ज्याचं सगळं काम दहा-बारा वर्षांत कोंबून बसवायचं त्याला चार वर्षं म्हणजे केवढी सैल जागा! ‘लाउरा’ तेव्हा अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांच्या पोराची न राहता तिशी ओलांडलेल्या माणसाची होते. त्याच पानावर तांबड्या खडूचं एक रेखाचित्र आहे, तेही त्याचंच असावं असं म्हणतात. नोंद मी घेते. रेखाचित्र मात्र वहीत वेगळ्या पानावर ठेवलंय.

लूव्रमधला ‘ग्रामीण संगीत’ माझ्या यादीतून मी आज काढला. तिथे आता टिशियन लिहितात, साधारण १५०९. विहिरीवर पाणी ओतणाऱ्या त्या बाईचा भरदार देह, तिचं वजन, हे जोर्जोनेचं नव्हेच. ‘वादळा’तल्या बाईला वजन नाही, उजेड आहे.

आता कास्तेलफ्रांकोच्या वेदीचित्रावर बसायचं आहे. त्याचा करारनामा नाही. तुझिओ कोस्तान्झो या सरदाराचा मुलगा मात्तेओ १५०४ मध्ये मेला आणि चित्रात खाली त्या घराण्याचं चिन्ह आहे, एवढ्यावर लोक १५०४ च्या आसपास धरतात. वडलांनी मुलाच्या आठवणीसाठी केलं, हे मनाला इतकं पटतं की तिथेच सावध व्हायला हवं. प्रार्थनागृह आधीच ठरलेलं असलं तर? मेरीच्या मागचा मोकळा निसर्ग ‘लाउरा’हून कडक वाटतो, म्हणून मी अजून आधीच्याच बाजूला आहे. चित्र आजही त्याच गावच्या चर्चमध्ये आहे. सिंहासन फार उंच आहे आणि खालचं चिन्ह फोटोत नीट येत नाही. त्या भागाचा मोठा फोटो कुठे मिळतो का, ते उद्या शोधायचं.