दुसरीच्या वर्गातले समाजमाध्यम

न्यू जर्सीत माझ्या मुलीची शाळा सुरू झाली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तिच्या दप्तरातून एक संमतिपत्र घरी आले. मुलीचे छायाचित्र वर्गाच्या खासगी पानावर, शाळेच्या संकेतस्थळावर आणि स्थानिक वर्तमानपत्रात वापरावे की नाही, असे तीन वेगवेगळे प्रश्न त्यात होते. एकाला होकार देऊन दुसऱ्याला नकार देण्याची मुभाही होती. पुण्यात भाचीच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटावर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मुलांच्या नावांसकट फिरताना मी पाहिली होती, त्यामुळे असे कोणी विचारावे याचेच मला नवल वाटले. पुढे वाढदिवसाच्या छायाचित्रात वर्गातली इतर मुले असताना मी ते स्टेटसवर ठेवले आणि एका आईने ते काढण्याची विनंती केली, तेव्हा त्या संमतिपत्राचा अर्थ मला खऱ्या अर्थाने समजला.

अमेरिकेत १९९८ साली मुलांच्या ऑनलाइन गोपनीयतेसाठी ‘कोपा’ हा कायदा झाला आणि २००० पासून तो अमलात आला. तेरा वर्षांखालील मुलांची वैयक्तिक माहिती पालकांच्या संमतीशिवाय ऑनलाइन कंपन्यांना गोळा करता येत नाही. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर तेरा वर्षांची अट दिसते, तिचे मूळ या कायद्यात आहे. त्यामुळे अनेक प्राथमिक शाळा मुलांना खुल्या माध्यमांवर न नेता ‘सीसॉ’सारख्या, फक्त वर्ग आणि घरच्यांपुरत्या बंदिस्त ॲपचा आधार घेतात.

माझी मुलगी आता दुसरीत आहे. क्यूआर कोड दाखवून ती या ॲपवरच्या आपल्या वर्गाच्या पानावर जाते, कागदावर काढलेल्या चित्राचा फोटो घेते आणि त्याविषयी स्वतःच्या आवाजात बोलते. शिक्षिकेने मंजुरी दिल्याशिवाय ते वर्गमित्रांना दिसत नाही. चित्र मात्र कागदावरच काढावे, हा शिक्षिकेचा आग्रह मला मनापासून पटतो, कारण बोटाने पडदा चोळून पेन्सिलीची पकड येत नाही.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते अभिप्राय लिहिण्याचे शिक्षण. मुलांनी पडद्याला हात लावण्याआधी तीन दिवस एकमेकांच्या चित्रांवर चिकटचिठ्ठ्या लावल्या. नुसते ‘छान’ लिहिलेले चालत नव्हते. काय आवडले ते नेमके सांगायचे आणि एक प्रश्न विचारायचा, असा नियम होता. नंतर फुलपाखराच्या जीवनचक्राचा पाठ आला, तेव्हा माझ्या मुलीने एका मुलाच्या चित्राखाली ‘तुझा सुरवंट सापासारखा दिसतो’ असे लिहिले. शिक्षिकेने तो अभिप्राय रोखून ठेवला, तिला जवळ बोलावले आणि हेच वाक्य त्याच्यासमोर उभी राहून म्हणशील का, एवढेच विचारले. मुलीने बराच वेळ विचार केला आणि ‘तुझा सुरवंट खूप लांब आहे, त्याला पाय किती?’ असे लिहिले. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी सुरवंटाचे पाय दाखवणारे नवे चित्र टाकले.

जानेवारी २०२३ मध्ये न्यू जर्सीने बालवाडीपासून बारावीपर्यंत माहिती-साक्षरतेचे, म्हणजे माहिती शोधण्याचे, पारखण्याचे आणि जबाबदारीने वापरण्याचे शिक्षण बंधनकारक करणारा कायदा केला. कायद्याची कलमे मुलांपर्यंत अशाच प्रसंगांतून पोचत असावीत. भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरवली आहे. म्हणूनच भाचीच्या शाळेतही असे संमतिपत्र असावे यासाठी पालकसभेत विषय काढ, असे मी बहिणीला सुचवले आहे.

साताऱ्याला असलेल्या माझ्या आईलाही आम्ही या ॲपवर जोडून घेतले आहे. तिला फक्त आपल्या नातीचे काम दिसते. फुलपाखराचे चित्र पाहून तिने मराठीत लिहिले, “बाळा, कढीलिंबाच्या पानावर अशाच अळ्या असतात, तुझी कुठल्या पानावर आहे?” शिक्षिकेने मुलीला ते वर्गात वाचून दाखवायला सांगितले. रविवारच्या मराठी शाळेत शिकलेली अक्षरे जुळवत तिने ते वाचले, इंग्रजीत सांगितले आणि घरी येऊन पहिला प्रश्न केला, “कढीलिंब म्हणजे आपण फोडणीत घालतो तोच ना?”