पाचव्या साइटची वही

दवाखाने आणि वस्तीतल्या संस्था यांच्या सहा ठिकाणच्या आरोग्य भागीदाऱ्या, त्यांचं मूल्यमापन आमच्याकडे, आणि तपासायचा आराखडा एकच. संस्था एकत्र बसतील, बसता बसता विश्वास जमेल, विश्वासातून माणसं-साधनं वाटून घेतली जातील, त्यानं सेवा सुधारेल आणि शेवटी लोकांचा रक्तदाब आटोक्यात राहील. बाणांचा हा तक्ता मीच काढलेला, आणि खरं सांगायचं तर त्यावर माझा जीव होता. सहाच साइट असल्या की नुसत्या आकडेमोडीतून फारसं हाती लागत नाही. एकेक बाण धरून कडी कुठे तुटली ते पाहावं लागतं. मूल्यमापनाच्या अभ्यासक कॅरल वाइस यांनी १९९५ साली अशा सामुदायिक उपक्रमांसाठी हाच रस्ता सुचवला होता.

तिसऱ्या साइटची हजेरी पाहून आमचे टीमलीडर खूश. मी इतिवृत्तं वाचली. अकरा बैठका, अकराही वेळा विषय ‘संदर्भचिठ्ठीचा (म्हणजे रुग्णाला पुढे पाठवताना द्यायच्या चिठ्ठीचा) नमुना ठरवणे’, निर्णय ‘पुढील बैठकीत चर्चा’.

पाचव्या साइटची इतिवृत्तं चौथ्या बैठकीनंतर संपतात. ‘भागीदारी बंद’ असा शेरा मनाशी ठरवूनच मी तिथे गेलो. नर्सबाईंनी पुढ्यात एक वही ठेवली. पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे औषध न्यायला न आलेल्यांची नावं, उजवीकडे वेगळ्या अक्षरात कारणं: ‘चक्कर येते म्हणून सोडलं’, ‘रात्रपाळी’, ‘मुलीकडे गेल्या’. उजवी बाजू वस्तीत काम करणाऱ्या संस्थेची कार्यकर्ती भरते. वही दर आठवड्याला दोघींत फिरते. रात्रपाळीवाल्यांसाठी दवाखान्यानं औषधवाटपाची वेळसुद्धा बदललीय.

“मग बैठका का थांबवल्या?”

“तिथं जो तो आपल्या साहेबांना ऐकू जाईल असं बोलायचा. वहीत तसं काय बोलणार?”

माझ्या फॉर्ममध्ये वहीला रकानाच नव्हता. बैठका मोजता येतात म्हणून बैठका मोजायच्या, ही आमच्या धंद्याची जुनी खोड. मीही तेच केलं.

आता तक्त्यातला बैठकांचा बाण बदलावा, तर बाकीच्या पाच साइटवर वहीसारखं काही आहे का हे आम्ही विचारलेलंच नाही. न बदलावा, तर कामाची साइट नापास आणि अकरा बैठकांवाली पास. शिवाय उद्या नर्सबाईंची बदली झाली की वही बंद पडणार का? पडली, तर ती संस्थांची भागीदारी होती की दोघींची मैत्री?

टीमलीडर म्हणतात, “तळटीप द्या.” अहवालाचा मसुदा शुक्रवारी द्यायचाय, आणि पाचव्या साइटपुढची जागा मी अजून कोरीच ठेवलीय.